षष्ठीची ओहोटी, मतलई वारा

खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगचे, म्हणजे गळाला पिसं-धागे गुंडाळून केलेली नकली माशी (फ्लाय) फेकून मासे धरण्याचे, व्हिडिओ पाहिले की बहुतेक वेळा एकाच जातीचं पाणी दिसतं. गुडघाभर खोल, तळाची पांढरी वाळू दिसेल इतकं नितळ, आणि त्यात 60 फुटांवरून ओळखू येणारा मासा. ते बहामाजचं किंवा फ्लोरिडा कीजचं पाणी. ते डोक्यात ठेवून कोणी देवबागला कर्लीच्या मुखाशी किंवा दाभोळला वाशिष्ठीच्या काठी उभा राहिला, तर तासाभरात त्याचा विरस होणार. आपल्या खाड्या गाळाच्या. सह्याद्रीवरून चार महिने माती घेऊन धावत उतरणाऱ्या आखूड नद्या, त्यांच्या काठाने कांदळवनांचा चिखल, आणि दिवसातून दोनदा तो सगळा ढवळून काढणारं समुद्राचं पाणी. इथे मासा दिसत नाही. म्हणून तो कुठल्या वेळी कुठे येणार हे घरीच ठरवून निघावं लागतं, आणि ते ठरवायचं निम्मं साधन स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं असतं.

कोळीवाड्यांतून चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या आसपास. अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच रेंगाळते. पाऊण तास हा त्याचा तोंडी करता येईल असा आकडा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक त्यात धरूनच चालायचं. शिवाय हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी, पाऊण ते एक तास लवकर येते. उलट त्याच खाडीत दहा-पंधरा किलोमीटर आत गेलात तर ती मुखापेक्षा उशिरा पोचते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळतेच. पण तिथी डोक्यात असली की आठवड्याचा अंदाज चालता-बोलता लागतो.

वेळ कळली तरी पाण्याचा जोर कळलेला नसतो. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं उधाण येतं आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मवाळ भांग, म्हणजे भरती-ओहोटीत कमीत कमी फरक. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक 4 मीटरच्या वर जातो, मालवणकडे तो 2 मीटरच्या आसपास राहतो. म्हणूनच रायगडच्या खाड्या उधाणात दुधाच्या चहासारख्या होतात आणि सिंधुदुर्गातलं पाणी त्याच दिवशी निदान वीतभर तरी दिसतं. उधाणात पाणी जोरात चालतं, कोळंबी आणि बारकी मासळी वाहून येते, मोठा मासा खायला निघतो, पण त्याला तुमची फ्लाय दिसत नाही. भांगात पाणी निवळतं, फ्लाय दिसते, पण खाणारा मासाच हलत नाही. जाळ्याने किंवा कोळंबी लावून गरवणाऱ्याला गढूळ पाणी फारसं नडत नाही. कोळंबीला वास असतो. पिसं आणि धागे गुंडाळलेल्या गळाला वास नाही. त्याला थोडी चाल हवी आणि थोडी निवळ हवी. हे दोन्ही मिळतं ते उधाण ओसरताना, पंचमी ते सप्तमी, किंवा भांगाकडून उधाणाकडे जाताना, एकादशी ते त्रयोदशी.

त्यातही माझा कौल पंचमी ते सप्तमीला, आणि त्याचं कारण वारा.

फ्लाय फिशिंगमध्ये फेकायचं वजन आमिषात नसतं, लाइनीत असतं. ही जाड, आवरण चढवलेली लाइन हवेत पुढे-मागे उलगडत न्यायची आणि तिच्या टोकाला जवळजवळ बिनवजनाची फ्लाय. समोरून 12-15 नॉटचा वारा आला की ती लाइन तोंडावर परत येते. कोकणात हिवाळा-उन्हाळ्यात रात्रभर आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हलका आणि कोरडा. नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुटतो. मार्च ते मे या महिन्यांत तो दुपारी दोनपर्यंत एवढा वाढतो की पश्चिमेला तोंड करून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभं राहणं निरर्थक. म्हणजे हाताशी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतचा वेळ. आता षष्ठीचा हिशेब मांडा. मुंबईला साडेचारची भरती, मालवणला चारच्या आत-बाहेर. ओहोटी दहाच्या सुमारास तळाला. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने हलत नाही: बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं. मालवणला ते दोन तास सकाळी सहा ते आठ. उजाडायची वेळ, पाठीवर मतलई वारा, जोरात उतरणारं पण उधाणाइतकं न ढवळलेलं पाणी. पंधरवड्यातून अशा दोन-तीन सकाळी मिळतात. पौर्णिमेला हेच गणित बिघडतं: ओहोटी पहाटेच संपलेली, सकाळभर भरती चढत राहते, आणि पाणी पुन्हा उतरायला लागेपर्यंत वारा उलटलेला.

उतरत्या पाण्यात जागा ओळखणं त्यामानाने सोपं. कांदळवनातून निघणारे वहाळ आणि चर बघा. भरतीला मुळांत शिरलेली कोळंबी, बोयची पिल्लं, खेकडे या अरुंद वाटांनी बाहेर पडतात आणि जिताडा त्या तोंडाशी, धारेच्या कडेला, संथ पाण्यात उभा असतो. दक्षिणेला त्याला चणक किंवा चोणक म्हणतात. चराच्या तोंडाशी बगळे रांगेत उभे असतील तर खाद्य बाहेर पडतंय हे नक्की. गढूळ धार जिथे मोकळ्या खाडीच्या स्वच्छ पाण्याला मिळते तिथे रंगाची रेघ पडते. फ्लाय गढूळ बाजूला टाकून स्वच्छ बाजूला ओढत आणायची. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकणारा पागी कुठे उभा आहे तेही पाहावं, पण त्याच्या जागेवर जाऊन उभं राहू नये. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर पुळणीच्या त्या भागातून सरळ निघून जावं. गोव्यात खाजणांच्या मानशींजवळची (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळची) जागा कितीही मोहात पाडणारी असली तरी तिथल्या मासळीचा लिलाव झालेला असतो, विचारल्याशिवाय गळ टाकू नये. मालवणच्या सागरी अभयारण्याची (1987 साली जाहीर झालेलं, 29.12 चौ. किमी) हद्द नकाशावर आधी पाहून घ्यावी. त्यातला 3.18 चौ. किमीचा गाभा मासेमारीला बंद आहे.

चढत्या पाण्याला पुळण बरी. लाटा जिथे दूरवर फुटून पुन्हा शांत होतात तिथे वाळूचा दांडा आणि त्याच्या आत किनाऱ्याला समांतर खोलगट पट्टा असतो. भरतीचा दुसरा तास लागला की रावस त्या पट्ट्यात शिरतो. त्याच्या छातीखालच्या लांब तंतूंनी तो तळ चाचपतो, त्यामुळे जरा गढूळ पाण्यातही तो फ्लाय शोधतो. जिताड्याला तेवढी सवलत नाही. मुडदुशीसाठी मात्र उलटा विचार: उथळ, स्वच्छ, वाळूचा तळ, भांगाचे दिवस आणि 6 किंवा 8 नंबरच्या बारीक गळावरची तळाला घासत येणारी फ्लाय.

पाण्याची निवळ मोजायची रीत साधी ठेवावी. पांढरी फ्लाय रॉडच्या टोकाखाली सोडा. हातभर खोलीवर दिसत असेल तर पांढरी-पोपटी चालेल. वीतभरावर नाहीशी होत असेल तर काळी किंवा जांभळी लावा. गढूळ पाण्यात मासा खालून वर पाहतो आणि आभाळाच्या उजेडावर काळी आकृतीच उठून दिसते. वीतभरही दिसत नसेल तर रावसाचा नाद करावा, नाहीतर चहा घ्यावा. ऑक्टोबरात एक गंमत होते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि खालून खारं पाणी पाचरीसारखं आत घुसतं. वर तपकिरी दिसणाऱ्या खाडीत मीटरभर खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतं. तिथे तरंगती लाइन कुचकामी. सेकंदाला 4-5 सेंटिमीटर बुडणारी इंटरमीजिएट लाइन दोन मीटर खोल जायला 40-50 सेकंद घेते, तोवर धार तिला केव्हाच वाहून नेते. सेकंदाला 15 सेंटिमीटर बुडणारं टोक असलेली लाइन तेच काम 13-14 सेकंदांत करते. मीटरभराच्या आतलं पाणी असेल तरच तरंगती.

लाइनीवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण उष्ण किनाऱ्यावर सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. थंड देशांतल्या ट्राउटसाठी बनवलेल्या लाइनीचं आवरण मऊ असतं, म्हणजे 10 अंशांच्या हवेत तिला वेटोळी पडू नयेत. तीच लाइन कोकणातल्या 32 अंशांत ढिली आणि चिकट होते, रॉडच्या कड्यांमध्ये लोंबते, कड्यांना चिकटून मागे खेचली जाते, आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. ट्रॉपिकल लिहिलेली लाइन घ्यावी. तिचा गाभा ताठ आणि आवरण कडक असतं. डास पळवणाऱ्या डीट असलेल्या मलमाचा हात लाइनीला लागला तर आवरण विरघळतं, तडे जातात. मलम उलट्या तळहाताने लावावं, आणि कांदळवनात ते लावावं लागणारच.

रॉड 9 फुटी. मुडदुशीला 6 वजनाचा (हा लाइनीच्या जडपणाचा क्रमांक) पुरतो, जिताडा-तांबोशी-रावसाला 9 किंवा 10. रीलवर लाइनीखाली गुंडाळायचा 30 पाउंडी धागा, म्हणजे बॅकिंग, निदान 150 मीटर. लाइनीच्या टोकाला जोडायचा बारीक धागा, म्हणजे लीडर, 9 फुटांचा, सुरुवात 40-50 पाउंडांनी, शेवट 20 पाउंडांवर (हा बारीक शेवट म्हणजे टिपेट), आणि त्यापुढे 30-40 सेंटिमीटर 40-50 पाउंडी फ्लुरोकार्बन. हा शेवटचा तुकडा जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणासाठी. त्याची कड धारदार असते, मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा 20 पाउंडी धागा एका झटक्यात कापला जातो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, टिपेटच्या ताकदीच्या चौथाईवर लावावा, म्हणजे 20 पाउंडांना 5 पाउंड, सुमारे सव्वादोन किलो. हे अंदाजाने करू नये. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा लाइनीला अडकवून ओढून पाहावं. तांबोशीला मात्र हा नियम मोडावा लागतो. गळ लागल्या क्षणी ती कांदळाच्या मुळांत परत घुसते आणि पहिले दोन मीटर तिला मिळाले की खेळ संपला. तिथे ड्रॅग आवळून, लाइन मुठीत धरून मागे सरकायचं. तुटली तर तुटली.

फ्लाय दोन-तीन जातींच्या पुरतात. बॉब क्लाउझर यांनी रुळवलेली क्लाउझर मिनो खाडीत सर्वांत उपयोगी, कारण गळाच्या दांडीवर वरच्या अंगाला बांधलेल्या जड डोळ्यांमुळे ती उलटी होऊन, टोक वर ठेवून चालते आणि मुळांत, कालवांत कमी अडकते. गळ 1/0 ते 3/0, स्टेनलेस. परदेशी पुस्तकांत हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, त्या वाटेला जाऊच नये. सिंथेटिक धागे आणि गावठी कोंबड्याच्या मानेची, शेपटीची पिसं तेवढंच काम देतात. जड डोळे मिळाले नाहीत तर खिडकीच्या गुंडाळत्या पडद्याच्या स्टीलच्या मणीसाखळीचे दोन-दोन मणी तोडून घ्यावेत. त्याने फ्लाय हळू बुडते आणि गुडघाभर पाण्यात तेच हवं असतं. बांधताना चूक होते ती बहुधा एकच: पिसं फार भरली जातात. जाड फ्लाय ओली झाली की जड होते, हवेत नीट जात नाही आणि पाण्यात लवकर बुडत नाही. गढूळ पाण्यासाठी जाडी हवीच असेल तर फक्त डोक्याशी द्यावी, पाणी ढकलायला.

वारा उजव्या खांद्यावरून येत असेल तर उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या कानात गळ बसायची पुरेपूर शक्यता असते. अशा वेळी पाण्याकडे पाठ करून उभं राहावं, किनाऱ्याच्या दिशेने पुढची फेक करावी आणि मागची फेक पाण्यावर सोडावी. अंतर दहा फूट कमी पडतं, कान वाचतो. चष्मा आणि टोपी हा हौसेचा भाग नाही. लीडरला आपोआप गाठ पडली असेल तर ती उकलत बसू नये, तेवढा तुकडा बदलावा. साध्या गाठीने धाग्याची ताकद निम्म्यावर येते. पुळणीवर पायांशी पडलेली सुटी लाइन प्रत्येक लाट पायात गुंडाळते. त्यावर उपाय म्हणजे कमरेला बांधायचा उथळ प्लॅस्टिकचा टब. तळाला भोकं पाडावीत आणि आतून प्लॅस्टिकच्या केबल-टायची बोटभर उंचीची टोकं उभी ठेवावीत, म्हणजे वेटोळी एकमेकांत जात नाहीत. दिसायला हास्यास्पद दिसतं. लोक विचारतात. सांगावं.

मासा लागला असं वाटताच रॉड वर उचलण्याची खोड गोड्या पाण्यातून आलेली असते. जिताड्याचं तोंड हाडाचं, रॉडच्या लवचीक टोकाने गळ त्यात रुतत नाही. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ, लांब ओढायची. वजन जाणवलं की पुन्हा एकदा ओढायची. मग रॉड उचलायचा.

उष्ण पाण्यात मासा सोडून द्यायचा असेल तर घाई खरोखर लागते. 10 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांत तो 6 च्या थोडाच वर. मेमध्ये खाडीचं उथळ पाणी त्याहून गरम असतं. हलक्या रॉडवर वीस मिनिटं खेळवलेला मासा पोहत जातो, पण तो जगेलच असं नाही. जड रॉड, गळाचा दाबून सपाट केलेला काटा, फोटो काढायचाच तर दहा सेकंदांत आणि ओल्या हाताने. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाच्या तोंडावर खाडीमुखाशी येणारे मोठाले मासे बहुतेक माद्या असतात. खायचाच असेल तर मधल्या आकाराचा ठेवावा. पेण-अलिबागच्या शेततळ्यांतला जिताडा विकत घेतला तरी कालवणात काही बिघडत नाही.

पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत. पाकट वाळूत दडून बसते, पाय घासला की निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा-पाऊण तास पाय बुडवून ठेवावा. हे विष उष्णतेने निकामी होतं, वेदना उतरते, मग डॉक्टर. शिंगाळ्याच्या काट्याला हाच उपाय. दांड्यावर उभे असाल तर भरतीचा तिसरा तास लागायच्या आत परत फिरावं, कारण पाणी पुढून चढत नाही, मागच्या खोलगटातून आधी भरतं. वाशिष्ठीत आणि गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे कमरेपर्यंत उतरायचा मोह नको. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात किंवा मेच्या वळवात ढग गडगडला की रॉड खाली ठेवायचा. तो कार्बनचा असतो, विजेला वाहून नेणारा, आणि मोकळ्या पुळणीवर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून हलवावं. नळीचा जोराचा फवारा मारला तर मीठ आतल्या फटींत ढकललं जातं. ड्रॅग पूर्ण सैल करावा, नाहीतर त्याच्या चकत्या दबून चिकटतात. रॉडचे सांधे पुसून त्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं की ते एकमेकांत घट्ट बसून राहत नाहीत. वापरलेली फ्लाय पेटीत परत ठेवायची नाही. एका ओल्या गळाने पेटीतले बाकीचे साधे गळ गंजतात. 1 जूनला पावसाळी बंदी लागते, होडीवाल्यांची असली तरी समुद्र तेव्हा आपल्यालाही उभं राहू देत नाही. मग लाइन रीलवरून उतरवून मोठ्या सैल वेटोळ्यांत टांगावी, बॅकिंग वाळवावं, आणि रॉड नळीत बंद न करता कापडी पिशवीत, भिंतीपासून जरा दूर उभा करावा. कोकणातल्या जुलैत बंद नळीतल्या बुचाच्या मुठीवर पंधरा दिवसांत बुरशी येते.